सातवं चाक

सारिशागनच्या फाट्यावर कुल्याश आपा चढल्या.
दाढ सुजलेली, गालावरून लोकरी पट्टी,
पिशवीत वाळवलेले मासे.
बल्खाशला दवाखाना गाठायचा होता.
भाडं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.
मागे चौदा टन कांदा.

त्यांचं लक्ष रस्त्यावर नव्हतंच,
स्टिअरिंगमागच्या मीटरवर होतं.
सहा चाकं पांढरी, सातवं लाल:
५८८२२९, आणि लाल एक.
'सगिन्ताय,' त्या म्हणाल्या, 'आता सहा किलोमीटर
मध्ये बोलू नकोस.'
मी कुठे बोलत होतो?

अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न.
तो येतोय, म्हणाल्या,
जशी एखादी बाई खिडकीतून सांगते, जावई येतोय.
लाल चाकाचा दशांश विसरायचा,
सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं.
ज्या हिवाळ्यात गावाची वीज गेली
त्या हिवाळ्यात रॉकेलच्या दिव्यापाशी बसून
त्यांनी ह्या एका संख्येला
तीनशे साठ अविभाज्य संख्यांनी भागून पाहिलं होतं,
दोनापासून चोवीसशे तेविसापर्यंत.
दर वेळी बाकी उरली.
'नवरा त्याच वर्षी गेला.
काहीतरी उरतंय, हे बरं वाटायचं.'

समोरून एक टँकर गेला. काच थरथरली.
'सतराने गुण,' त्या म्हणाल्या.
मला सतराचा पाढा कधीच आला नाही, हे त्यांना दिसलं असावं.
'एक येतो. मग सात शून्यं. मग पुन्हा एक.'
मी बाहेर पाहिलं.
तारेचा एक खांब,
मग गवत, गवत, गवत, काहीच नाही,
मग खांब.
एवढं मला कळलं.

मग त्या काचेवर तोंडाची वाफ सोडून
बोटाने लिहायला लागल्या.
संख्या मधोमध नाही, डावीकडे जरा कमी घेऊन तोडायची:
५८८ आणि २३५३.
दोघांचा वर्ग करायचा, दोन्ही वर्ग एकाखाली एक.
३४५७४४.
५५३६६०९.
'कर बेरीज.'
मी एका हाताने गाडी धरली, ओठांनी हातचे मोजले,
आणि खाली तीच उभी राहिली,
पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच,
जणू तोडलीच नव्हती.
'दुसऱ्या कुठल्याही दोन वर्गांत ही मावत नाही.
ही एकच जोडी. शोधून बघ.'
नवाचा ताळाही त्यांनी करून दाखवला. सात, आणि सात.

लाल चाकावर दोन मावळत होता.
मी ब्रेक दाबला.
कांद्याची पोती मागे एकमेकांवर रेलली.
५८८२३५, लाल तीन.
इंजिन बंद केल्यावर तलाव ऐकू आला.
अर्धा गोडा, अर्धा खारा,
आणि कुणीही त्याला दोन तलाव म्हणत नाही.

मग माझ्याच्याने राहवलं नाही.
सांगून टाकलं: आपा, मीटरची केबल
दोन हिवाळे तुटलेली होती.
गाडी ह्याहून कितीतरी जास्त पळालीय.
हा आकडा खोटा आहे.

त्या हसल्या, आणि लगेच गाल धरला.
'तुझं अंतर खोटं असेल,' म्हणाल्या,
'ह्याला तुझ्या गाडीशी काय देणंघेणं?'

आम्ही किती वेळ थांबलो, माहीत नाही.
पुढचे शंभर मीटर जायचे होतेच, दाढ ठणकत होती.
लाल चाकावर चार आला.
'दोनाने जातो,' त्या म्हणाल्या,
वर्गातल्या एखाद्या साध्या पोराबद्दल बोलावं तसं,
आणि डोळे मिटले.

मासे त्या सीटवर ठेवून गेल्या.
मी काच पुसली, असं मला वाटलं होतं.
जानेवारीत एका पहाटे करागांडीच्या अलीकडे
मी ग्लासातला चहा फुंकला आणि काच धुरकटली.
बोटाच्या तेलकट रेघांत सगळं परत आलं,
दोन वर्ग, खाली रेघ,
आणि वर, अगदी बारीक, तीन हातचे.